कॅसेट गेली, हक्क राहिला
मुलांच्या कार्टूनच्या धंद्यातून आजच्या व्यावसायिकाने काय शिकावे?

मीरा रोडचे नया नगर १९८० च्या दशकात वसू लागले आणि १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून आलेल्या कुटुंबांनी ते झपाट्याने भरले. नेमका हाच काळ घरगुती व्हिडिओच्या भरभराटीचा आणि उताराचा होता. नव्या वस्तीत थोड्या भांडवलावर उभे राहणारे जे मोजके धंदे असत, त्यांत किराणा, शिलाई, एसटीडी बूथ यांच्याबरोबर व्हिडिओ लायब्ररीचे नाव हमखास असे. आखातात राबून आणलेला पैसा कितीतरी जणांनी कॅसेटच्या मांडणीत घातला. पुढे तो पैसा कुठे गेला, हे अशा वस्त्यांतील वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

या धंद्याचा एक भाग म्हणजे लहान मुलांच्या कार्टूनच्या कॅसेटी. हा भाग आकाराने लहान होता, पण धंद्याचे गणित समजण्यासाठी तोच सर्वांत सोयीचा आहे. कॅसेट विकणारा बुडाला आणि त्याच कार्टूनचे हक्क बाळगणारा मात्र चार वेळा माध्यम बदलूनही कमावत राहिला. असे का झाले, हे या लेखात पाहू. आज आपल्या वस्तीतील तरुण मोबाइल आणि संगणकावर मुलांसाठी चित्रफिती बनवू लागले आहेत. त्यांना याचा थेट उपयोग आहे.

धंदा उभा कसा राहिला?

सोनी कंपनीचे बेटामॅक्स १९७५ मध्ये आणि जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस १९७६ मध्ये जपानच्या बाजारात आले. दोघांच्या स्पर्धेत व्हीएचएस टिकले. आपल्याकडे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांच्या वेळी रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि व्हीसीआरला मागणी आली. कोकणातून कुवेत-दुबईला गेलेला भाऊ सुट्टीवर येताना टू-इन-वनबरोबर व्हीसीआरही आणू लागला. ज्यांच्याकडे तो नव्हता, ते व्हीसीआर आणि टीव्ही दोन्ही एका रात्रीसाठी भाड्याने आणीत.

मुंबईत या धंद्याला रीतसर रूप देणाऱ्यांत शेमारूचे नाव घ्यावे लागते. बुद्धिचंद मारू यांनी १९६२ मध्ये पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून शेमारूची सुरुवात केली. १९७९ मध्ये त्याच नावाने व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणे सुरू झाले. १९८७ मध्ये ही संस्था भाड्याच्या पलीकडे जाऊन कॅसेटच्या वितरणात उतरली. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे परत येऊ.

कार्टूनची कॅसेट वेगळी का?

लायब्ररीवाल्याच्या दृष्टीने हिंदी चित्रपटाची कॅसेट म्हणजे नाशवंत माल. चित्रपट नवा आहे तोवर एका कॅसेटवर दहा गिऱ्हाइके नंबर लावीत. दोन-तीन महिन्यांनी तीच कॅसेट मांडणीवर धूळ खात पडे. कार्टूनचे तसे नव्हते. त्याला पहिल्या आठवड्यात झुंबड नसे, पण दोन वर्षांनीही मागणी असे. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत तर ती वाढत असे. शिवाय दर वर्षी चार-पाच वर्षांची नवी मुले गिऱ्हाईक म्हणून तयार होत.

दुसरे कारण भाषेचे. ‘टॉम अँड जेरी’सारख्या मालिकेत संवाद जवळजवळ नसतात. त्यामुळे एकच कॅसेट उर्दू बोलणाऱ्या घरात चाले, मराठी घरात चाले आणि गुजराती घरातही चाले. भाषांतराचा खर्च शून्य.

तिसरे कारण मुलांच्या स्वभावाचे. मोठा माणूस एक चित्रपट एकदा, फार तर दोनदा पाहतो. मूल तेच कार्टून पन्नास वेळा पाहते. अशी वस्तू दर वेळी भाड्याने आणण्यापेक्षा एकदा विकत घेणे आई-वडिलांना परवडते. अमेरिकेतील डिस्ने कंपनीने हे अचूक हेरले. तिकडे लायब्ररीसाठी काढलेल्या कॅसेटची किंमत सुमारे ८० डॉलर असे, कारण ती एकच प्रत शेकडो वेळा भाड्याने जाणार हे धरलेले असे. डिस्नेने १९८५ मध्ये ‘पिनोकिओ’ ७९.९५ डॉलरला आणला, पण १९८७ मध्ये ‘लेडी अँड द ट्रॅम्प’ २९.९५ डॉलरला काढला. म्हणजे गिऱ्हाईक लायब्ररी न राहता थेट घर झाले. १९९५ च्या मार्चमध्ये आलेल्या ‘द लायन किंग’च्या सुमारे ३ कोटी कॅसेटी विकल्या गेल्या.

आपल्याकडे मात्र कार्टूनची कॅसेट मुख्यतः भाड्याच्या मांडणीवरच राहिली. अस्सल प्रत महाग आणि नक्कल स्वस्त, हे त्याचे मोठे कारण होते.

वितरकाचे काम काय असे?

दुकानदाराला वितरक म्हणजे टेम्पोतून माल पाठविणारा माणूस वाटत असे. प्रत्यक्षात माल पाठविणे हे त्याचे शेवटचे काम.

पहिले काम हक्क मिळविण्याचे. मूळ मालकाकडून कोणत्या प्रदेशासाठी, कोणत्या भाषेसाठी, किती वर्षांसाठी आणि कोणत्या माध्यमासाठी हक्क घेतले, हे करारात लिहावे लागे. चित्रपटाच्या धंद्यात व्हिडिओचे हक्क वेगळे, केबलचे वेगळे, दूरदर्शनचे वेगळे असे तुकडे पाडून विकले जात. ज्याच्याकडे फक्त व्हिडिओचे हक्क, त्याला केबलवाल्याकडून एक रुपयाही मागता येत नसे.

दुसरे काम मास्टर टेप आणण्याचे आणि सेन्सॉरचे प्रमाणपत्र घेण्याचे. तिसरे काम प्रती काढण्याचे. एका यंत्रावर मास्टर चाले आणि त्याला जोडलेल्या अनेक व्हीसीआरवर एकाच वेळी प्रती उतरत. एक तासाची कॅसेट उतरायला पूर्ण एक तास लागे. प्रतीवरून काढलेली प्रत आणखी फिकी होत जाई. म्हणून नकली कॅसेटवरचे चित्र ओळखू येण्याइतके खराब असे. प्रत तयार झाली की कॅसेटच्या मागची प्लास्टिकची टिकली तोडत, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही चढू नये.

त्यानंतर वेष्टन, छपाई, उपवितरक, दुकानदार आणि शेवटी उधारीची वसुली. पावसाळ्यात टेपला बुरशी लागे, मुले फीत ओढून काढीत, व्हीसीआरचे हेड घाण झाले की दोष कॅसेटला दिला जाई. परत आलेला माल वितरकाच्या अंगावर पडे.

हिशेब कुठे चुकत असे?

आकडे उदाहरणादाखल घेऊ. समजा, एका कार्टून कॅसेटसाठी हक्क, मास्टर आणि प्रमाणपत्र मिळून ६०,००० रुपये खर्च आला. कोरी टेप, प्रत काढणे आणि वेष्टन धरून एक कॅसेट ८० रुपयांना पडली आणि दुकानदाराला १३० रुपयांना दिली. एका कॅसेटमागे सुटले ५० रुपये. म्हणजे १,२०० कॅसेटी विकल्या तर वितरक जेमतेम मुद्दलावर येतो.

आता त्याने १,२०० कॅसेटी काढल्या आणि खपल्या ५००, असे समजू. कारण बाजारात नकली कॅसेट निम्म्या भावात आली. त्याच्या खिशातून गेले १,५६,००० रुपये, परत आले ६५,०००. तूट ९१,००० रुपयांची. त्यांपैकी ५६,००० रुपये न विकलेल्या ७०० कॅसेटींच्या रूपात गोदामात पडून आहेत. वितरक त्या मालाला शिल्लक समजतो आणि इथेच फसतो. व्हीसीआर घराघरांतून गेला की त्या ७०० कॅसेटींची किंमत भंगाराची.

पण ६०,००० रुपयांत त्याने काय घेतले होते? तीन वर्षांचे, फक्त व्हिडिओचे हक्क घेतले असतील तर त्याच्या हाती काही राहिले नाही. तेच थोडे जास्त पैसे देऊन दहा वर्षांचे आणि केबल, दूरदर्शन, डिस्क असे सर्व माध्यमांचे हक्क घेतले असते, तर कॅसेटमधील तूट दुसऱ्या दाराने भरून निघण्याची आशा होती. धंदा एकच, कार्टूनही तेच. फरक फक्त करारनाम्यातील दोन ओळींचा.

ज्याने हक्क घेतले, तो टिकला

याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘टॉम अँड जेरी’चेच आहे. ही मालिका १९४० मध्ये अमेरिकेतील एमजीएम कंपनीने चित्रपटगृहांसाठी सुरू केली. १९८६ मध्ये टेड टर्नर यांच्या कंपनीने एमजीएमच्या जुन्या चित्रपटांचा साठा हक्कांसह घेतला. १९९१ मध्ये तिने हॅना-बार्बेरा या कार्टून कंपनीचा साठाही घेतला. लोकांना ही जुन्या फितींची खरेदी वाटली. १९९२ मध्ये त्याच साठ्यावर अमेरिकेत कार्टून नेटवर्क ही वाहिनी उभी राहिली आणि १९९५ च्या मे महिन्यात ती भारतात आली.

आता आपल्या लायब्ररीवाल्याकडे पाहा. समजा त्याने १५० रुपयांना कॅसेट घेतली होती आणि १० रुपये भाड्याने ती पंधरा वेळा गेल्यावर त्याचे पैसे सुटणार होते. केबलवर तेच मांजर आणि तोच उंदीर दिवसभर फुकट दिसू लागल्यावर सोळावे गिऱ्हाईक कुठून येणार? कार्टूनची मागणी संपली नव्हती, उलट वाढली होती. ती मागणी मात्र आता त्याच्या दुकानाकडे न येता हक्काच्या मालकाकडे वळली.

मुंबईत शेमारूने हीच वाट धरली. कॅसेटच्या वितरणातून ती चित्रपटांचे हक्क दीर्घ मुदतीने घेण्याकडे वळली. कॅसेट गेली, व्हीसीडी आली, डीव्हीडी आली, मग इंटरनेट आले. दर वेळी भांडे बदलले, आतला माल तोच राहिला. २००७ मध्ये तिने ‘बाल गणेश’ हा मुलांचा ॲनिमेशनपट स्वतः काढला आणि २००९ मध्ये त्याचा दुसरा भाग आणला. म्हणजे दुसऱ्याचे कार्टून विकणारा पुढे स्वतःच्या कार्टूनचा मालक झाला. २०१४ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि २०२० मध्ये तिने मराठी चित्रपटांची वाहिनीही सुरू केली. ज्या हजारो लायब्ऱ्यांनी तिच्या कॅसेटी भाड्याने फिरविल्या, त्यांपैकी फार थोड्या तग धरून राहिल्या.

मात्र हक्क घेतले की नफा ठरलेलाच, असे कोणी समजू नये. कोऱ्या डिस्क बनविणाऱ्या मोझर बेअर या कंपनीने २००७ मध्ये अनेक भाषांतील चित्रपटांचे हक्क घेऊन व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. नकली मालाला त्याच्याच भावात उत्तर देण्याचा तो धाडसी प्रयत्न होता. परंतु डिस्कचे दिवसच थोडे उरले होते. सौरऊर्जेच्या व्यवसायातील कर्जाचेही ओझे होते. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत विसर्जनाला गेली. हक्क घेताना माध्यमाचे उरलेले आयुष्य मोजावे लागते, हा त्यातील धडा.

व्हीएचएसचे आयुष्य २०१६ मध्ये संपले. त्या वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनविणे बंद केले. ती ते बनविणारी जगातील शेवटची कंपनी होती.

गोष्ट सर्वांची, चित्र एकाचे

हक्क विकत घेण्याइतके भांडवल नसेल तर काय करावे? याचेही उत्तर कॅसेटच्या काळात मिळते. अमेरिकेत १९८४ मध्ये स्थापन झालेली गुडटाइम्स ही कंपनी सुरुवातीला हक्काची मुदत संपलेल्या जुन्या चित्रपटांच्या स्वस्त कॅसेटी विकत असे. पुढे तिने अलादीनसारख्या जुन्या गोष्टींवर केलेली स्वतंत्र कार्टून बाजारात आणली. डिस्नेचा ‘अलादीन’ गाजत होता, त्याच सुमारास. १९९३ मध्ये डिस्नेने तिला न्यायालयात खेचले. तक्रार होती वेष्टन आमच्यासारखे दिसते, ही. अलादीनची गोष्ट आमची आहे, असा दावा डिस्नेलाही करता आला नाही.

अलादीन, अलीबाबा, सिंदबाद या गोष्टी कोणाच्या मालकीच्या नाहीत. मुल्ला नसरुद्दीन, शेख चिल्ली, इसापचे प्राणी हेही सर्वांचेच. त्यांवर कोणीही आपल्या हाताने नवे कार्टून काढू शकतो. फक्त दुसऱ्याने काढलेला चेहरा, त्याचे संगीत आणि त्याचे वेष्टन उचलायचे नाही.

आणखी एक लहान पण बोलके उदाहरण उत्तर अमेरिकेतील आहे. तेथील मुस्लिम कुटुंबांतील मुलांसाठी साउंड व्हिजन या संस्थेने ‘ॲडम्स वर्ल्ड’ ही बाहुल्यांची मालिका व्हीएचएसवर काढली. बाजार लहान होता, पण गिऱ्हाईक नेमके ठाऊक होते आणि मालिका स्वतःची होती. मोठ्या कंपन्या ज्या गिऱ्हाइकाकडे पाहत नाहीत, तो लहान व्यावसायिकाचा बाजार असू शकतो.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने व्हिडिओ कॅसेटसाठी वेगळे कलम ५२ अ घातले गेले. त्यानुसार प्रतीवर आणि वेष्टनावर सेन्सॉरचे प्रमाणपत्र, कॅसेट काढणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कदाराचे नाव-पत्ता आणि परवानगी घेतल्याचे निवेदन छापणे बंधनकारक झाले.

अनेक लायब्ररीवाल्यांचा समज असे की, अस्सल कॅसेट पावतीने विकत घेतली, म्हणजे ती भाड्याने देणे आपला अधिकार. हा समज चुकीचा होता. चित्रपटाची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क कायद्याने वेगळा मानला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या खटल्यात, परदेशात विकत घेतलेल्या अस्सल डीव्हीडी परवानगीवाचून इथे भाड्याने देणेही हक्कभंग ठरविले.

नक्कल विकण्याची शिक्षा कडक आहे. कलम ६३ नुसार सामान्यतः किमान ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. महाराष्ट्रात तर २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात ‘व्हिडिओ पायरट’ हा वर्ग जोडला गेला. त्याखाली खटला न चालविताही १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येते. पेन ड्राइव्हमध्ये कार्टून भरून देणाऱ्या मोबाइलच्या दुकानदाराने ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्याच्या हक्काचा माल तो माल कॅसेटमध्ये असो की चिपमध्ये, दुसऱ्याचाच राहतो.

आज करार करताना

आज मुलांसाठी गोष्ट, बालगीत किंवा ॲनिमेशन बनविणाऱ्या तरुणाला कॅसेट, गोदाम आणि टेम्पो लागत नाही. पण कागद लागतो. पुढील गोष्टी तपासल्याशिवाय सही करू नये.

१) काम सांगून करून घेतले असेल तर मालक कोण, हे आधी लिहून घ्यावे. कलम १७ नुसार कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्रपट बनवून घेतला आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्कदार पैसे देणारा ठरतो. नोकरीत केलेल्या कामाचा हक्कदारही सामान्यतः मालकच असतो.

२) हक्क तोंडी देता-घेता येत नाहीत. करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात कोणती कलाकृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला, हे स्पष्ट असावे.

३) मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतो. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळे लिहिले नसेल, तर ते संपुष्टात येतात.

४) २०१२ च्या दुरुस्तीने एक मोठे संरक्षण मिळाले आहे. करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, हस्तांतरित होत नाहीत. म्हणून ‘पुढे येणारी सर्व माध्यमे’ अशी मोघम ओळ दिसली की थांबावे आणि वकिलाला विचारावे.

५) चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षे असतो. ‘जुने आहे, कोण विचारतो’ हा हिशेब चालत नाही. मुदत संपली असे वाटले तरी त्यातील संगीत आणि पात्रांचे ट्रेडमार्क यांची वेगळी चौकशी करावी.

६) मूळ फाइल, चित्रे, आवाजाचे ध्वनिमुद्रण आणि गायक-कलावंतांचे करार एका जागी जपून ठेवावेत. पूर्वी मास्टर टेप हरवली की धंदा थांबे. आज फाइल आणि कागद हीच मास्टर टेप आहे.

व्हिडिओ लायब्ररी चालविणारे आळशी नव्हते. रात्री अकरापर्यंत दुकान उघडे ठेवून, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन व्हीसीआर जोडून देणारी ती कष्टाळू माणसे होती. त्यांचे कष्ट कमी पडले नाहीत. त्यांनी भांडवल प्लास्टिकच्या डब्यात घातले आणि डब्याचे दिवस संपले. आजच्या तरुणाला तीच मेहनत स्वतःच्या हक्काच्या मालावर करता येते. त्यासाठी लागणारे भांडवल पूर्वीपेक्षा कमी आहे. सहीपूर्वी कागद वाचण्याची सवय मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागते.